चाकं काढलेलं घर

५ फेब्रुवारी, मंगळवार

सुटले बाई एकदाची!

गुरुवारी घराच्या किल्ल्या कर्जाच्या कंपनीला पाठवून दिल्या आणि आज त्यांचा फोन आला, पोचल्या म्हणून. आता ते चाकांवर आणलेलं घर, आमचा ट्रेलर, त्यांचा आणि मी मोकळी. महिन्याचा हप्ता चारशे बारा, जागेचं भाडं दोनशे साठ, आणि माझी पेन्शन नऊशे सत्तर. एवढं गणित करायला माझी सहावीपर्यंतची शाळासुद्धा जास्तच झाली. बर्ल होता तोवर लाकूड कापायच्या गिरणीची, सॉमिलची, त्याची पेन्शन होती. नवरा गेला तशी तीही गेली. दोन हिवाळे मी कसेबसे रेटले आणि मग त्यांचं त्यांना देऊन टाकलं. ज्याचं त्याला दिलं की देणं उरत नाही. फिट्टंफाट!

देताना घर लख्ख करून दिलं. दोन दिवस घासत होते. खिडक्या व्हिनेगरने, ओव्हन आतून, टबाच्या कडा जुन्या ब्रशाने. रेलिन म्हणाली, "मॅमॉ, ते घर ओढून न्यायला येणारेत, मुलगी बघायला नाही." रेलिन माझी नात. आता मी तिच्याच घरी राहते, शिलाई मशीनच्या खोलीत. तिची आई, म्हणजे माझी लेक, फ्लोरिडात असते. म्हणजे नाताळला फोन करते. तर मी रेलिनला म्हटलं, उसनं आणलेलं भांडं कुणी खरकटं परत करतं का? आमच्यात तर रिकामंसुद्धा देत नाहीत. म्हणून ओट्यावर हिरव्या टोमॅटोच्या लोणच्याची बरणी ठेवली, जो कुणी घर न्यायला येईल त्याच्यासाठी. वर चिठ्ठी : जेवणाबरोबर खा, बरणी परत नको.

ही वही पण रेलिननेच दिली. ती वृद्धाश्रमात कपडे धुण्याच्या खात्यात आहे, तिथे औषधवाले फुकट वाटतात. प्रत्येक पानाखाली गुडघेदुखीच्या गोळीचं नाव छापलंय. म्हणाली, "पोटात मावत नाही ते इथे ओत मॅमॉ, माझ्या कानांना सुट्टी दे." कार्टी.

आता माझं एकच काम राहिलंय. बर्लचा दगड. दोन वर्षं झाली, कबरीवर अजून अंत्यविधीवाल्यांनी खोचलेला पत्राच आहे. त्यावरच्या कागदाची शाई पावसाने धुतली, नुसतं 'बर्' तेवढं वाचता येतं. मेच्या शेवटच्या रविवारी डेकोरेशन. सगळं खोरं टेकडीवर चढतं, आपापल्या माणसांच्या कबरी साफ करतं, फुलं वाहतं आणि तिथेच चादरी पसरून जेवतं. दोन डेकोरेशन मी त्या पत्र्यापाशी उभी राहिले, भाडं थकलेल्याच्या बायकोसारखी. तिसऱ्याला नाही राहणार. दगड सोळाशे डॉलरचा आहे. कॉफीच्या डब्यात तेराशे चाळीस जमलेत, सगळे कानवल्यांचे. वाळवलेल्या सफरचंदाचे कानवले, शनिवारच्या बाजारात दीड डॉलरला एक. पंधरा एप्रिलच्या आत निम्मे पैसे दिले तर डेकोरेशनपर्यंत बसवून देतो म्हणालाय पाथरवट. पण अर्धं देणं डोक्यावर ठेवून दगड नको, सोळाशे पुरे झाले की एकदमच देईन.

हां, फोनचं राहिलं. कंपनीतल्या पोरीचं नाव डॅफ्नी. टेक्सासमधून बोलते. काय गोड आवाज! "मिस नेड्रा, तब्येत कशी आहे तुमची?" असं कंपनीतल्या माणसाने विचारलेलं मी जन्मात ऐकलं नव्हतं. मी सांगितली की तब्येत. पन्नास मिनिटं.

१२ फेब्रुवारी, मंगळवार

डॅफ्नीचा परत फोन. मंगळवार तिचा नि माझा ठरूनच गेला म्हणायचा. मी सकाळीच भांडी उरकून फोनपाशी खुर्ची ओढून बसले होते. रेलिनचा नवरा कॉर्बिन म्हणाला, "मॅमॉला मित्र मिळाला वाटतं." मिळाली, मिळाली म्हण. तुम्ही दोघं संध्याकाळी दमून येता आणि टीव्हीकडे तोंड करून बसता.

आज तिला चाकांची गोष्ट सांगितली. ती टेक्सासची, तिला काय माहीत! म्हटलं, पोरी, आमच्या खोऱ्यात नवा ट्रेलर आला की पहिल्या आठवड्यात घरधनी खाली सरपटत जातो आणि चाकं काढतो. आस आणि टायर सगळं. शेजारीपाजारी बघायला येतात, बाया ताटं घेऊन येतात, पोरं टायरवर उड्या मारतात. कारण खाली चाकं असलेल्या घराला कुणी घर म्हणत नाही. म्हणतात, ही माणसं वाटेवरची आहेत, उद्या उठून जातील. चाकं निघेपर्यंत बाई अंगणात रोपसुद्धा लावत नाही.

बर्लने अकरा वर्षांपूर्वी तिसऱ्याच दिवशी काढली. सॉमिलमध्ये दोन बोटं गेलेली, तरी तो पाठीवर झोपून शीळ घालत नट सोडवत होता. बाहेर आला तेव्हा केसांत माती. म्हणाला, "नेड्रा, आता लाव काय लावायचं ते. आता हे घर हलत नाही." मी त्याच दिवशी डॅफोडिलचे कंद लावले, पायऱ्यांना धरून. आस नि चाकं त्याने भावाला दिली. एस्टिलने त्यावर गवताची गाडी केली, अजून चालवतो. राहिला ओढदांडा. ट्रकला जोडून घर ओढायचा पुढचा लोखंडी त्रिकोण असतो ना, तो. तो बर्लने टाकला नाही. म्हणाला, चांगलं लोखंड आहे, कधीतरी लागेल. तो आता रेलिनच्या शेडमध्ये बर्लच्या हत्यारांबरोबर आहे.

डॅफ्नी इतकी हसली! "सगळी चाकं काढली, मिस नेड्रा? खरंच? आणि दांडासुद्धा? आत्ता कुठे आहे म्हणालात?" परत परत विचारत होती. इतकं कान देऊन कोण ऐकतं हल्ली? मागे टकटक टकटक वाजत होतं. बिचारीला एकीकडे टाइपही करावं लागतं, तरी माझ्यासाठी वेळ काढते.

२७ फेब्रुवारी

काल पत्र आलं. जाड पाकीट. मी उघडलं, पहिल्या ओळीतच अडकले. रेलिन आल्यावर तिने वाचलं. आधी उभ्याने, मग बसून.

घर न्यायला ट्रकवाला आला होता. खाली चाकं नाहीत, आस नाही, दांडा नाही, म्हणून हात हलवत गेला. आता नवे आस-टायर-दांडा यांचे दोन हजार आठशे माझ्यावर. घर तिथून हलेपर्यंत जागेचं भाडंही माझ्यावरच. आणि खाली लिहिलंय, कर्जदाराने स्वतः बारा फेब्रुवारीला फोनवर कबूल केलं की गहाण वस्तूचे भाग काढून इतरांना देण्यात आले.

रेलिन ओरडली, "मॅमॉ, त्या बाईने तुला भादरलं!"

"तिने नाही," मी म्हटलं. "कुणीतरी तिचे कागद वाचले असतील."

"तिचेच कागद ना?"

"अगं, ती तशी नाही. तिची आईसुद्धा माझ्याच वयाची आहे."

रेलिनने पत्र टेबलावर आपटलं आणि कपड्यांना इस्त्री करायला गेली. इस्त्रीचे कपडे नव्हते तरी.

मला एवढंच कळत नाही. आम्ही त्याला घर केलं हा गुन्हा झाला? चाकं ठेवली असती तर शेजाऱ्यांनी नावं ठेवली असती, काढली तर यांनी ठेवली. डॅफ्नीला विचारते. ती नीट करेल.

५ मार्च, मंगळवार

बघा! मी म्हटलं नव्हतं? डॅफ्नी म्हणाली, "मिस नेड्रा, मला इतकं वाईट वाटलं ते पत्र गेलं तेव्हा!" म्हणजे तिचं नव्हतंच ते. तिने उपायही सांगितला. मूळ चाकं घराखाली परत आली तर चाकांचे पैसे कमी करता येतील का ते ती बघेल. मी लगेच म्हटलं, आणते. एस्टिल काही परका नाही.

रेलिनला सांगितलं तर म्हणते, "'बघेल' म्हणाली ना? 'करेल' नाही ना म्हणाली?" ही पोरगी लहानपणी अशी नव्हती.

१६ मार्च, शनिवार

आज बाजार बुडवला आणि एस्टिलकडे गेलो, कॉर्बिनच्या गाडीतून. माझा दीर म्हणजे बर्लचीच कार्बन कॉपी, फक्त शीळ येत नाही आणि बोटं दहा आहेत. मी आल्याचं कारण सांगितलं तेव्हा तो गवताच्या गाडीला टेकून उभा होता. बराच वेळ थुंकलाच फक्त.

"मेलेल्या माणसाने दिलेली वस्तू परत मागायला आलीस?"

"मी नाही मागत, कंपनी मागतेय."

"मग कंपनीला पाठव. मी गवत खाली करून बसतो त्यांची वाट बघत. बंदूक घेऊन."

"एस्टिल, चाकं दिली नाहीत तर पैसे माझ्या डोक्यावर. मग बर्लचा दगड राहील."

त्याने बायकोला हाक मारली आणि दोघांनी मिळून गाडी उलटी केली. माझ्याकडे न बघता आस सोडवत राहिला. शेवटचा नट काढताना म्हणाला, "बर्ल म्हणाला होता, ही चाकं घराखाली परत जाताना बघायची वेळ माझ्यावर यायला नको. तो बरा सुटला."

कॉर्बिनने चाकं घराखाली नेऊन बसवली. चिखलात झोपून, बर्लसारखाच. दांडा मात्र शेडमध्ये पार तळाला, हत्यारांच्या पेट्यांखाली. तो पुढच्या शनिवारी काढून आणतो म्हणाला.

मी बाहेर उभी होते. आत जायला किल्ली नव्हती, पण दार उघडंच होतं. कुणीतरी फोडलेलं. ओट्यावरचे नळ काढून नेलेले. माझी लोणच्याची बरणी जमिनीवर फुटलेली आणि लोणचं पसरून वाळलेलं. चिठ्ठी ओट्यावर तशीच. मला झाडू दिसला, मी काचा गोळा केल्या, फरशी पुसली. कॉर्बिन दारातून म्हणाला, "मॅमॉ, हे आता तुझं घर नाही." मी म्हटलं, म्हणूनच पुसतेय. आपलं असतं तर उद्या पुसलं असतं.

२१ मार्च

काल घर गेलं. मला कुणी कळवलं नाही. कॉर्बिन त्या रस्त्याने येत होता, त्याने पाहिलं. ट्रकवाल्याकडे स्वतःचा दांडा होता म्हणे, आमच्या दांड्याची वाट कुणी बघितली नाही.

आज रेलिनला घेऊन मुद्दाम गेले. सिमेंटच्या ठोकळ्यांच्या रांगा, मधे पिवळं पडलेलं गवत, लांबट. मी पावलं मोजली. एवढंच? एवढ्यात अकरा वर्षं बसली? एवढ्यात बर्लचं आजारपण, नाताळची झाडं, रेलिनची पाळण्यापासून लग्नापर्यंतची... नाही, पाळणा आधीच्या घरात. विसरते मी हल्ली.

पायऱ्या होत्या तिथे डॅफोडिल फुललेत. रांगेने, दाराकडे जाणारे, आणि दार नाही. रेलिन म्हणाली, उपटून नेऊ का? मी म्हटलं, राहू दे. बर्लने जागा दिलीय त्यांना. दोन फुलं तोडली तेवढी.

२ एप्रिल, मंगळवार

घर विकलं गेलं. लिलावात, सहा हजाराला. बर्लने आणि मी अकरा वर्षांत किती भरलं ते रेलिनने मांडून दाखवलं, मी ते इथे लिहिणार नाही. पत्रात म्हटलंय, सहा हजार वजा करून अजून सतरा हजार चारशे माझ्याकडून येणं आहे. चाकांचे पैसे पण त्यात आहेतच. आणलेले टायर जुने होते म्हणे.

मी तीनदा विचारलं रेलिनला. घर त्यांनी घेतलं ना? हो. विकलं ना? हो. मग मी देणं लागते ते कशाचं? ती म्हणाली, "हवेचं, मॅमॉ. घर उभं होतं तिथल्या हवेचं."

डॅफ्नीने नीट समजावलं. ती रागावत नाही हे किती बरं. म्हणाली, सगळ्यांचं असंच असतं, लोकांना वाटतं परत केलं की संपलं. पण मी चांगली गिऱ्हाईक आहे, घर पुसून दिलं, हे तिने लिहून ठेवलंय. आपण होऊन काही भरलं, मनात खोट नाही हे दाखवलं, तर तिचे वरचे लोक नरम पडतात. "तुमच्याकडे थोडंफार बाजूला ठेवलेलं काही आहे का, मिस नेड्रा?"

मी म्हटलं, आहे, पण ते माझ्या नवऱ्याच्या दगडाचं आहे. मग पत्र्याचं सांगितलं, 'बर्' एवढंच वाचता येतं ते, डेकोरेशनचं.

ती गप्प झाली. टकटक पण थांबली. मला वाटलं रडतेय की काय पोर.

मग म्हणाली, "किती जमलेत?"

१० एप्रिल

हे रेलिनला सांगितलेलं नाही. वहीत लिहिते, वहीला तोंड नाही.

मधल्या कानवल्यांचे पैसे जागेच्या भाड्यात गेले, डब्यात तेराशे चाळीसच होते. काल पोस्टात गेले आणि तेराशेची मनीऑर्डर केली. चाळीस ठेवले, फुलांना लागतील. पोस्टातली बाई म्हणाली, "नेड्रा, एवढे? कुणाला?" मी म्हटलं, देणं फेडतेय. छाती ताठ होती माझी. बर्ल म्हणायचा, उधारीवर झोपलेला माणूस कूस बदलू शकत नाही.

तिथूनच पाथरवटाला फोन केला. यंदा नको म्हणून सांगितलं. तो म्हणाला, "ठीक आहे, दगड कुठे जात नाही." बर्लही कुठे जात नाही म्हणा. पुढच्या वर्षी करू. मी सांगेन त्याला. तो समजून घेईल, जिवंतपणी किती समजून घेतलं.

डॅफ्नी खूश झाली. म्हणाली, मी नोंद करते. मी विचारलं, आता संपलं ना? ती म्हणाली, "तुम्ही फार मोठं पाऊल उचललंत, मिस नेड्रा."

आता पुन्हा वाचलं तर 'हो' असं काही म्हणालेली नाही ती.

२३ एप्रिल, मंगळवार

आज डॅफ्नी नव्हती. हास्केल नावाचा माणूस होता. आवाज थंड भाकरीसारखा. मी म्हटलं, डॅफ्नीला द्या, तिला सगळं माहीत आहे. तो म्हणाला, "मलाही आहे. इथे सगळं लिहिलेलं आहे."

आणि वाचून दाखवलं.

ग्राहक विधवा, बोलकी, एकटी. मंगळवारी सकाळी फोन केल्यास उचलते. बारा फेब्रुवारी : चाके व दांडा काढल्याचे स्वतःहून कबूल. दांडा नातीच्या शेडमध्ये. नात वृद्धाश्रमात नोकरीला, नातजावई सायलेन्सरच्या दुकानात वेल्डर. कानवले विकून रोख उत्पन्न. कबरीच्या दगडासाठी तेराशे चाळीस रोख. दोन एप्रिल : भरण्यास तयार. नऊ एप्रिल : तेराशे पाठवले, देणे मान्य.

सगळं खरं होतं. एक शब्द खोटा नव्हता. माझेच शब्द, फक्त त्यातलं हसू काढून घेतलेलं. बर्लची शीळ कुठेच नव्हती. घर मी पुसून दिलं तेही नव्हतं.

मग तो म्हणाला, उरलेल्यासाठी महिन्याला दोनशे बांधून घ्या, नातीची सही चालेल. आणि दांडा परत करा, नाहीतर त्याचे सहाशे.

मी विचारलं, "माझ्या नवऱ्याच्या दगडाचे पैसे परत मिळतील का?"

तो म्हणाला, "मॅडम, ते हिशोबात जमा झालेत."

२४ एप्रिल

रेलिनला सांगितलं. मला वाटलं ओरडेल. ती धुतलेल्या चादरींच्या टोपलीवर बसली, युनिफॉर्मवरच, आणि म्हणाली, "मग पपॉचा दगड?" एवढंच. ओरडली असती तर बरं झालं असतं.

कॉर्बिनने जेवण वाढलं. घेवडा आणि मक्याचा पाव. कुणी बोललं नाही. मीसुद्धा नाही. कॉर्बिनने दोनदा माझ्याकडे पाहिलं, मला बरं नाही असं वाटलं असावं.

२ मे, गुरुवार

तालुक्याला दर गुरुवारी फुकट सल्ला देणारी वकीलबाई बसते. रेलिन सुट्टी काढून घेऊन गेली. वकीलबाईला सर्दी झालेली, नाक पुसत पुसत तिने सगळी पत्रं वाचली. मग विचारलं, "तुमच्या नावावर काय आहे?"

"काही नाही. पेन्शन, शिलाई मशीनच्या खोलीतली खाट, आणि एक मांजर. तेही अर्धं शेजाऱ्यांचं."

ती म्हणाली, पेन्शनला ते हात लावू शकत नाहीत. कोर्टात गेले, जिंकले, तरीही नाही. नातीचा यात काही संबंध नाही, तिने कशावरही सही करायची नाही.

मी म्हटलं, "मग ते तेराशे?"

तिने नाक पुसलं. "ते त्यांना घेता आले नसते. एक डॉलरसुद्धा नाही."

"मग गेले कसे?"

"तुम्ही दिलेत."

रेलिन खिडकीकडे बघत राहिली. वकीलबाई म्हणाली, मी त्यांना पत्र लिहिते, पण तोवर फोन येत राहतील. उचलू नका. उचललात तर काही सांगू नका. जमेल?

रेलिनच हसली. महिन्यात पहिल्यांदा. "मॅमॉला? काही न सांगणं?"

मलाही हसू आलं. कडू लागलं, पण आलं.

येताना गाडीत मी तेच घोळवत होते. चोर आला असता तर त्याला दार फोडावं लागलं असतं. मी तर डब्याचं झाकण उघडून, पैसे मोजून, टपालखर्च घालून पाठवले. वर तिला म्हटलं, जपून राहा पोरी.

७ मे ते १४ मे

फोन वाजला, वाजला, वाजला. दोन्ही मंगळवारी. मी भांडी घासत राहिले. घासलेलीच.

१८ मे

आज शेडमध्ये गेले. कॉर्बिनला म्हटलं, दांडा काढ. त्याला वाटलं कंपनीला पाठवायचाय. तो रागाने लाल. "मॅमॉ, त्यांना खिळासुद्धा नाही द्यायचा आता."

"काढ तर."

त्याने पेट्या सरकवून ओढून बाहेर उन्हात आणला. दोन जाड तुळया, एका टोकाला जुळलेल्या, मधे आडवी पट्टी. गंज वरवरचा. बर्ल म्हणाला होता तसं चांगलं लोखंड. मी म्हटलं, उभा कर. टोक वर.

कॉर्बिनने उभा केला. माझ्या खांद्याच्या वर आला.

"सगळं त्यांच्याकडे गेलं," मी म्हटलं. "घर, नळ, चाकं, माझी बरणी, दगड. अकरा वर्षं भरून आपल्याकडे एवढंच राहिलं. यावर नाव लिहिता येईल तुला?"

कॉर्बिनने दांडा शेडला टेकवला आणि दुकानातून मशीन आणायला गेला. माणूस कमी बोलतो ते बरंच आहे, मी उगाच नावं ठेवायची.

आडव्या पट्टीवर त्याने वेल्डिंगने अक्षरं काढली, बोटाएवढी जाड. बर्ल टॅकेट. खाली जन्मसाल, मृत्यूसाल. रेलिनने विचारलं, अजून काही लिहायचं? मी खूप विचार केला. मला काय, पानभर सुचतं. मग म्हटलं, नको. नाव पुरे. नाव पावसाने जाणार नाही एवढं बस.

२६ मे, रविवार. डेकोरेशन

ऊन चांगलं होतं. दांडा काल सिमेंटमध्ये रोवला. आज सगळे आले. प्रत्येक जण संगमरवरांच्या मधे हा लोखंडी त्रिकोण बघून थबकत होता. दोन बाया कुजबुजल्या. मी कुणाला काही सांगितलं नाही. त्यांना सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं, आणि ते माझ्याच मूर्खपणापाशी येऊन थांबतं.

एस्टिल शेवटी आला. त्याला बघताच कळलं. ट्रेलरवाल्यांच्या घरात जन्मलेल्याला काय सांगायचं? मग टोपी काढली आणि नेहमीसारखा उलटाच बोलला :

"दांडा लावलास, चाकं कुठायत?"

"तुझ्याकडेच होती की. का दिलीस?"

"आता कोण ओढणार त्याला?"

"टोक वर केलंय. वरच्याला ओढायचं तर ओढू दे."

एस्टिल हसला आणि हसता हसता दुसरीकडे बघायला लागला. मग दांड्यावर हाताने दोनदा थोपटलं, बैलाला थोपटतात तसं. म्हणाला, "हे त्याला दगडापेक्षा आवडलं असतं." खोटं बोलला. बर्लला दगड हवा होता. पॉलिश केलेला, कोपऱ्यात मासा कोरलेला. मला माहीत आहे, त्याला नसलं तरी.

चाळीस डॉलरची फुलं घेतली. डॅफोडिलचा मोसम संपला होता.

२८ मे, मंगळवार

फोन वाजला आणि मी उचलला.

"मिस नेड्रा! तुमची इतकी आठवण येत होती!" डॅफ्नी. आवाज तसाच, साखरेत घोळलेला. "कशा आहात? डेकोरेशन कसं झालं?"

मी खुर्ची ओढून बसले. "ये, बोलू या," म्हटलं. "झालं की."

"आणि हो, तो एक दांडा राहिलाय आपल्या यादीत. अजून शेडमध्येच आहे ना?"

म्हटलं, "शेडवरून आठवलं. मांजराला पिल्लं झाली बघ, चार." आणि सुरू झाले. चारही पिल्लांचे रंग सांगितले. कोणतं अर्धं शेजाऱ्यांचं ते ठरवता येत नाही हे सांगितलं. घेवडा रात्री भिजवावा की सकाळी, आमच्याकडे त्यावरून एक लग्न मोडलं होतं, ते सांगितलं. हिरव्या टोमॅटोच्या लोणच्याची कृती, मोहरी केव्हा घालायची, का घालायची, कोण घालत नाही. माझ्या गुडघ्याचं सांगितलं, आणि या वहीखाली छापलेल्या गोळीचा काही उपयोग नाही हेही. ती मधे मधे म्हणायची, "हो का, पण मिस नेड्रा, दांडा..." मी म्हणायचे, "सांगते, सांगते," आणि पुढच्या मांजरीवर जायचे.

पाऊण तास बोलले. भांडी पुसून रेलिन दारात येऊन उभी राहिली होती, हातात फडकं तसंच, तोंडावर दुसरा हात.

आणि मी पूर्ण वेळ कान लावून ऐकत होते. पलीकडे टकटक एकदाही वाजली नाही.